शंभर दिवसांची कसोटी

तीस वर्षं मी गझला लिहितो आहे. साकी, पेला, मदिरा हे शब्द माझ्याही शेरांत येऊन गेले. मी स्वतः पीत नाही. घरच्या रीतीत ते बसत नाही. एकदा कार्यक्रम संपल्यावर एका तरुण द्राक्ष बागायतदारानं मला गाठलं. म्हणाला, ''सर, तुमच्या शेरात पेला आहे, पिणारा आहे. पण द्राक्ष पिकवणारा कुठं आहे?'' माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग वाचायला लागलो आणि आमारोने या इटालियन लाल वाइनपाशी येऊन थांबलो. का थांबलो, तेच आज सांगायचं आहे.

उत्तर इटलीत वेरोना शहराजवळ वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ टापू आहे. उतारावर दगडावर दगड रचून बांध घातलेले आणि त्या पायऱ्यांवर बागा. अनेक ठिकाणी वेल आपल्यासारखेच मांडवावर चढवतात. त्याला कारण आहे. इथलं मुख्य द्राक्ष कोर्विना. त्याच्या काडीच्या बुडाकडचे डोळे फारसे घड देत नाहीत. म्हणून काडी लांब ठेवावी लागते.

आमारोने एकाच जातीच्या द्राक्षाची होत नाही. कोर्विना तिला चेरीसारखा गंध आणि तरतरी देतं. कोर्विनोनेचे मणी मोठे असतात. रोंदिनेल्ला चिवट; रोगाला लवकर बळी पडत नाही आणि वाळतंही छान. या जाती ठरावीक प्रमाणात मिसळायच्या, असा कायदाच आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हातानं तोडणी होते. घड निवडून घेतात. मोकळे, निरोगी, वारा खेळेल असे. आपल्याला वाटेल, माल घरात आला, शेतकरी सुटला. पण खरी कसोटी इथून सुरू होते. हे घड हवेशीर माळ्यावर एका थरात पसरून ठेवतात. पूर्वी बांबूच्या मांडण्यांवर, आता बहुधा उथळ क्रेटमध्ये. साधारण शंभर ते एकशेवीस दिवस.

माझे मामू तासगावकडचे. त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर मी सुट्टीत जात असे. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असत आणि आभाळ भरून आलं, की मामूंचा घास घशात अडकत असे. आपल्याकडे द्राक्ष द्रावणात बुडवून, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पंधराएक दिवसांत वाळवतात. तिकडे हिवाळा तोंडावर, हवा दमट आणि मुक्काम तीन-चार महिन्यांचा. एका घडाला बुरशी लागली, की शेजारचाही जातो. म्हणून रोज फिरून पाहायचं, सडका मणी काढायचा, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या. आता पंखे आहेत, आर्द्रता मोजणारी यंत्रं आहेत. तरी काळजी तीच.

या मुदतीत द्राक्षाचं तीस ते चाळीस टक्के वजन उडून जातं. साखर आणि गंध दाटतो, आंबटपणाची धार बोथट होते. मग डिसेंबर-जानेवारीत मणी चिरडून आंबवायला ठेवतात. थंडी आणि भरपूर साखर, त्यामुळे यीस्टचं काम रेंगाळत, कित्येक आठवडे चालतं. जवळजवळ सगळ्या साखरेचं अल्कोहोल होतं. पंधरा टक्क्यांच्या आसपास. पुढं किमान दोन वर्षं मुरवण. शंभर किलो ताज्या द्राक्षांतून साधी वाइन सत्तर लिटरपर्यंत निघते. आमारोनेला मात्र चाळीस लिटरची मर्यादा आहे. महाग का, ते यात आलं.

वाळलेल्या द्राक्षांच्या वाइनची इथली रीत जुनी. सहाव्या शतकात कासिओदोरसनं एका पत्रात तिचं वर्णन केलं आहे. पण ती वाइन गोड असे. तिचं आजचं रूप म्हणजे रेचोतो. तिथले लोक सांगतात, की १९३६ च्या सुमारास रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं आणि त्यातली सगळी साखर आंबून संपली. चाखणाऱ्याला ती कडू न वाटता, कडूपणातही मोठी वाटली. 'आमारो' म्हणजे कडू, त्यावरून आमारोने.

नाव झालं, मागणी वाढली, तसा मोहही वाढला. जास्त घड वाळवले, की जास्त पैसे. म्हणून बागेतल्या पिकापैकी किती वाळवायचं, यावर नियमानं बंधन आहे. काही वर्षी उत्पादकांच्या संघानं ते चाळीस टक्क्यांवर आणलं. जे दुर्मीळ म्हणून मोलाचं, ते मुबलक झालं तर मोल कुठं राहणार? शेर लिहिणाऱ्यालाही हे लागू आहे.

तो तरुण पुन्हा भेटला नाही. भेटला तर सांगीन, की माझ्या पेल्यात पिणाऱ्याची तहान होती, पण माळ्यावर घड चाचपत फिरणाऱ्या माणसाची झोपमोड नव्हती. मामूंची ती झोपमोड मी डोळ्यांनी पाहिली होती; तरी ती माझ्या एकाही शेरात आली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)