व्हॅनचा पट्टा आणि पंप केव्हा बदलावा?

मे महिना लागला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत शाळेच्या व्हॅन गल्लीच्या कडेला उभ्या दिसू लागतात. मुले गावाला गेलेली असतात आणि व्हॅनवाल्याला वर्षातून एकदाच मिळणारी सवड लाभलेली असते. या सवडीत कोणी सीटची कव्हरे बदलतो, कोणी पत्रा ठोकून रंग देतो, कोणी पासिंगच्या तयारीला लागतो. एक काम मात्र बहुधा राहून जाते, कारण त्याची जागा डोळ्यांना दिसत नाही. ते काम म्हणजे इंजिनाचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप यांची विचारपूस. हे भाग केव्हा बदलावेत याचा निर्णय आपण सर्रास मिस्त्रीवर सोपवतो. पण गाडी दिवसभर कुठे, किती आणि कशी चालते हे मिस्त्रीला कुठून ठाऊक असणार? ते तुम्हालाच ठाऊक असते. तेव्हा हिशेबही तुम्हीच मांडला पाहिजे.

आधी पट्ट्याचे काम पाहू. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट आणि वर कॅमशाफ्ट असे दोन दांडे असतात. पिस्टन, म्हणजे दट्टे, खालच्या दांड्याला फिरवतात. वरचा दांडा व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, उघडझाप करतो. खालच्याने दोन फेरे घेतले की वरच्याने बरोबर एक फेरा घ्यायचा, ना कमी ना जास्त. हा मेळ राखतो तो रबराचा दातेरी पट्टा. भजनात टाळ आणि मृदंग यांचा मेळ चुकला तर ऐकणारा फार तर तोंड वाकडे करील. इथे मेळ चुकला तर वर गेलेला दट्टा उघड्या झडपेवर जाऊन आदळतो. सगळ्याच इंजिनांत असे होत नाही. काहींत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते आणि पट्टा तुटला तरी गाडी नुसती बंद पडते. आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे, हे कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत विचारून घ्यावे. पहिल्या जातीचे असेल तर तुटलेल्या पट्ट्याचे बिल पट्ट्याच्या किमतीवर थांबत नाही. हेड उतरवावे लागते, झडपा बदलाव्या लागतात, आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजात अडकते.

पूर्वीच्या गाड्यांत हे काम साखळी करीत असे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झालेली प्रीमिअर पद्मिनी साखळीचीच होती. दातेरी रबरी पट्टा मोटारीच्या इंजिनात प्रथम आणण्याचे श्रेय जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १९६२ च्या गाडीला देतात. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा. त्याला तेलही लागत नाही. म्हणून तो पसरला. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढच्या सीटखाली बसवलेल्या तिच्या ७९६ सी.सी.च्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनात हाच पट्टा आहे. उलट ईकोला २०२२ च्या अखेरीस जे नवे इंजिन मिळाले त्यात साखळी आहे. तेव्हा गाडीच्या नावावर जाऊ नका. माझ्या इंजिनात पट्टा आहे की साखळी, हा पहिला प्रश्न. साखळी असेल तर वेळच्या वेळी तेल बदलावे आणि साखळी खडखडू लागली की तपासून घ्यावी. पट्टा असेल तर पुढे वाचा.

बाहेरच्या फॅन बेल्टशी याची गल्लत करू नये. फॅन बेल्ट सैल झाला की किंचाळतो, तुटला की चार्जिंगचा दिवा लागतो. टायमिंग बेल्ट असा बोलका नाही. तो कव्हराच्या आत मुकाट्याने फिरतो आणि एके दिवशी तुटतो. चालत्या गाडीचे इंजिन गपकन थांबते. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एकदोन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखे लागते. सकाळी साडेसहाला, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या उतारावर, मागे दहा मुले बसलेली असताना हे व्हावे असे कोणाला वाटेल?

आता मुदतीचे पाहू. गाडीच्या पुस्तिकेत पट्ट्याचा पल्ला दिलेला असतो. तो इंजिनागणिक वेगळा असतो, पण बहुधा ६० हजार ते १ लाख किलोमीटर यांच्या दरम्यान. कित्येक पुस्तिकांत त्याबरोबर वर्षांचीही मर्यादा असते आणि ‘जे आधी येईल ते’ असे म्हटलेले असते. आपण नेमके हेच शब्द वाचायचे सोडून देतो. उदाहरण घेऊ. बोरिवलीची एक शाळेची व्हॅन दिवसाला ४० किलोमीटर चालते, वर्षाचे २०० दिवस. म्हणजे वर्षाला ८ हजार. पुस्तिकेत ८० हजार लिहिले असेल, तर नुसत्या मीटरच्या हिशेबाने पट्टा १० वर्षे चालला पाहिजे! पण रबर काही मीटर पाहून म्हातारे होत नाही. इंजिनाची उष्णता आणि नुसता काळ यांनीच ते कडक होत जाते. या गाडीने वर्षे मोजावीत. पुस्तिकेत वर्षांचा आकडा नसला तरी पाचव्या वर्षाच्या पुढे मी तरी जाणार नाही.

दुसरी व्हॅन घाटकोपरहून अंधेरीला माल पोचवते. दिवसाला ७० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे २१ हजार. तिचे ८० हजार चार वर्षे भरायच्या आतच होतील. तिने मीटर पाहावा. पण इथेही एक मेख आहे. मीटर चाकांचे फेरे मोजतो, पट्टा इंजिनाचे. नाशिक रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने जाणारी गाडी २१ हजार किलोमीटर ४२० तासांत कापते. आपल्या जोडरस्त्यांवर सरासरी ताशी १४ पडली, तर तेवढ्याच अंतराला १५०० तास लागतात. साडेतीनपटीहून जास्त! सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतच असते. तासाभरात ४८ हजार फेरे, आणि मीटरवर एक किलोमीटरही चढत नाही. उभ्या इंजिनावर भार कमी असतो, म्हणून साडेतीनपट झीज होते असे कोणी समजू नये. पण कव्हराखालची उष्णता तासन्‌तास तशीच राहते. म्हणून गर्दीत राबणाऱ्या गाडीने छापील पल्ल्याच्या पाऊण हिश्श्यावर काम उरकावे, असे माझे मत आहे. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत ठराविक पल्ला झाला की ‘टी-बेल्ट’ असा दिवा लागतो. सोय चांगली आहे, पण तो दिवाही किलोमीटरच मोजतो.

‘कव्हर उघडून पाहू, चांगला दिसला तर राहू देऊ,’ असे कोणी म्हणेल. पाहावे जरूर. भेगा, उडालेले दात, उसवलेली कड, तेलाचा ओलावा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पट्टा बदलावा. पण काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. जुन्या रबरावर भेगा लवकर दिसत. हल्लीचे रबर अधिक टिकाऊ आहे, आणि म्हणूनच ते शेवटपर्यंत चांगले दिसते. आतले काचतंतूंचे दोरे कुठवर झिजले ते वरून कळत नाही. पासिंगचेही तसेच. अंधेरीला, बोरिवलीला किंवा वडाळ्याला गाडी पास झाली म्हणजे ब्रेक, दिवे, धूर ठीक आहेत. पट्ट्याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसते.

पावसाळ्याचा वेगळा विचार हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस उपनगरातला माणूस विसरणार नाही. पण अंधेरीच्या नाहीतर मिलन सबवेत पाणी भरायला तेवढा पाऊस लागत नाही. पट्ट्याचे कव्हर धुळीपासून आणि शिंतोड्यांपासून राखते, पुरापासून नाही. पाणी इंजिनापर्यंत चढले असेल तर ते ओसरल्यावर कव्हर उघडून आतला चिखल काढावा आणि पट्टा, टेन्शनर, बेअरिंगे तपासावीत.

आता पंप. रेडिएटरचे पाणी इंजिनाभोवती खेळवण्याचे काम त्याचे. त्याचे सील झिजले की झिरपलेले पाणी बाहेर पडावे म्हणून अंगाला एक बारीक भोक ठेवलेले असते. त्या भोकाखाली पांढरा, हिरवा किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला की पंपाने नोटीस दिली असे समजा. टाकीतली पातळी वारंवार उतरणे, पंपाची पुली हाताला डुगडुगणे, बेअरिंगची घरघर, या पुढच्या नोटिसा. आपल्याकडे पंप लवकर जातात याला एक कारण नळाचे पाणी. ‘मुंबईत काय बर्फ पडतोय? कूलंट कशाला?’ असे पुष्कळजण विचारतात. कूलंट गोठू देत नाही हे खरे, पण तो गंजही धरू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो. मुंबईला या दोन गुणांची गरज आहे. पंप वाटेत गेला आणि काटा लाल खुणेवर चढला, तर ‘एवढा स्टॉप घेतो’ म्हणू नये. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पट्टा आणि पंप एकदमच बदलावेत का? उत्तर पंप कशावर फिरतो त्यावर आहे. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्टच पंपाला फिरवतो. तिथे दोन्ही एकदम बदलावेत, यात घासाघीस नको. जुना पंप आत अडकला तर नवा कोरा पट्टाही तुटेल, आणि पाणी गळले तर ते पट्ट्यावरच गळेल. शिवाय मजुरी एकच, कारण दोन्हींसाठी उतरवायचे तेच भाग. पंप आधी गेला आणि पट्टा अर्ध्या आयुष्यातला असला, तरी काढलेला पट्टा परत चढवू नये. ओम्नीसारख्या जुन्या रचनेत मात्र पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो. तिथे मिस्त्रीला एवढेच विचारा : पंप काढायला टायमिंगचे कव्हर उतरावे लागेल का? लागणार असेल आणि पंप जुना असेल, तर आत्ताच बदला. लागणार नसेल आणि पंप कोरडा, घट्ट, बिनआवाजाचा असेल, तर राहू द्या. गॅरेजवाला आग्रह करील, तरी राहू द्या.

सामान घेताना नुसता पट्टा घेऊ नये. टेन्शनर आणि सोबतची बेअरिंगेही बदलावीत, आणि शाफ्टच्या तोंडाची तेलाची सीले ओली असतील तर तीही. नवा पट्टा मुरगळू नये, त्याला तेल-ग्रीस लावू नये. खुणा जुळवून पट्टा चढवल्यावर इंजिन किल्लीने सुरू करण्याआधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते तुमच्या देखत पाहायला सांगा. चांगला मिस्त्री सांगण्याआधीच हे करतो.

व्हॅन जुनी विकत घेतली असेल आणि पट्टा केव्हा बदलला याचे बिल मालकाकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. मीटरच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. काम झाल्यावर तारीख आणि मीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती कव्हराच्या बाहेरच्या अंगाला पक्की चिकटवा, आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मेच्या पहिल्या आठवड्यात गाडी गॅरेजला दिलीत, तर एखादा भाग मागवावा लागला तरी एकही फेरी बुडणार नाही.