डेबियनच्या जिवावर

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात एखाद्या पॅकेजचा, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरचा, आवृत्ती क्रमांक पाहिला, तर तो कधी कधी ‘२.१-३उबुंटू१’ अशा थाटाचा दिसतो. यातला २.१ हा मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आकडा. पुढचा ३ डेबियनचा, म्हणजे तिथल्या स्वयंसेवकाने त्या आवृत्तीचे पॅकेज तिसऱ्यांदा बांधून दिले. शेवटचे शेपूट सांगते की, उबुंटूवाल्यांनी त्यावर पहिला हात फिरवला. मधल्या ३ च्या जागी शून्य असेल तर ती आवृत्ती डेबियनमधून आलेलीच नाही, उबुंटूने पुढे होऊन ती परस्पर घेतली. आणि शेपूटच नसेल, तर माल जसाच्या तसा उचललेला. उबुंटूच्या भांडारातल्या बहुसंख्य पॅकेजांना शेपूट नसते.

हा माल पुरवणारे डेबियन हीही लिनक्स प्रणालीच, पण ते कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. पर्ड्यू विद्यापीठातला विद्यार्थी इयान मर्डॉक याने ऑगस्ट १९९३ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. नावात मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः असे दोघेही आहेत. आज सुमारे हजार विकासक जगभरातून साठ हजारांहून अधिक पॅकेजे सांभाळतात आणि दरवर्षी मतदान करून आपला नेता निवडतात. आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’मधल्या पात्रांची, कारण सुरुवातीच्या काळात धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. रास्पबेरी पायची प्रणाली यावरच उभी आहे, आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ही. इथले काम कुणीही घ्यावे, बदलावे, विकावे. परवानगी मागायची गरज नाही.

विकण्याचा मोठा डाव टाकला तो कॅनडातल्या कोरेलने. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या दुकानांत कोरेलड्रॉ माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. त्याच कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये डेबियनवर रचलेले कोरेल लिनक्स बाजारात आणले. ते बसवायला सोपे होते, ही तेव्हाची नवलाई. पण कंपनीचीच आर्थिक ओढाताण सुरू होती. २००१ मध्ये हे काम झँड्रॉस या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी मायकेल रॉबर्टसनने डेबियनच्याच आधारावर लिंडोज ही कंपनी काढली. नाव ऐकून मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेली खरी, पण ‘विंडोज’ या रोजच्या शब्दावर हक्क सांगता येतो का, हाच प्रश्न तिथे उभा राहिला. अखेर २००४ मध्ये दोन कोटी डॉलर मोजून तिने हे भांडण मिटवले. लिंडोजचे लिन्स्पायर झाले. त्यांची ‘क्लिक-एन-रन’ सेवा वर्गणी घेऊन जी सॉफ्टवेअर एका क्लिकवर बसवून द्यायची, त्यातली बरीचशी डेबियनच्या भांडारात फुकट होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणावा असा हा प्रकार, पण नियमाला धरून! २००८ मध्ये झँड्रॉसने लिन्स्पायर विकत घेतले आणि पुढच्या काही वर्षांत झँड्रॉसही बाजारातून दिसेनासे झाले.

घोडे पेंड खात होते ते वेळापत्रकापाशी. डेबियनची ‘वुडी’ आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, पुढची ‘सार्ज’ थेट जून २००५ मध्ये. तयार होईल तेव्हा देऊ, हा डेबियनचा बाणा. दुकानदाराला तेवढी वाट पाहणे परवडत नाही. नव्या लॅपटॉपचे वायफाय आजच चालायला हवे. मग कंपनी डेबियनच्या कच्च्या मालातून हवे ते उचलते आणि स्वतःचे बदल करते. बदल जितके जास्त, तितकी प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती आपल्या हाताने पुन्हा बसवण्याची वेळ येते. हा खर्च दर महिन्याला येतो आणि ग्राहकाला दिसत नाही.

मार्क शटलवर्थने नेमके हेच दुखणे ओळखले. थॉट ही कंपनी व्हेरीसाइनला विकून गब्बर झालेला आणि २००२ मध्ये अंतराळात जाऊन आलेला हा दक्षिण आफ्रिकी उद्योजक. त्याने डेबियनचेच काही विकासक नोकरीला घेतले, कॅनॉनिकल कंपनी काढली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये पहिले उबुंटू आणले. त्याने वेळापत्रक बांधून घेतले: दर सहा महिन्यांनी डेबियनच्या कच्च्या भांडारातून ताजा माल घ्यायचा, ठरलेल्या दिवशी गोठवायचा, तपासून एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये बाहेर काढायचा. प्रणाली फुकट, पैसे देखभालीचे. स्वतःचे बदल डेबियनला परत देण्यात कंपनीचा स्वार्थही असतो, कारण ते तिथे स्वीकारले गेले की शेपूट गळते आणि पुढच्या खेपेचे काम वाचते.

पाया एक, तशी त्याची भेगही एक. २००६ मध्ये तपासणी-साधनाची कुरकुर थांबवावी म्हणून डेबियनमध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरचा किरकोळ वाटणारा भाग काढून टाकला गेला. गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता त्याबरोबर जवळजवळ संपली. उरला तो चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. एवढ्या तर संगणक बसल्या बसल्या तपासतो. हा बदल उबुंटूतही जसाच्या तसा उतरला. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो या डेबियन विकासकाने तो पकडला आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

पायावरच्यांचा निर्णय कंपनीला मुकाट मानावाही लागतो. संगणक सुरू होताना सेवा चालू करण्यासाठी कॅनॉनिकलने अपस्टार्ट बनवले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने प्रतिस्पर्धी सिस्टमडी निवडले. काही दिवसांतच शटलवर्थने उबुंटूही त्याच वाटेने जाईल असे जाहीर केले.

काही जण मात्र पायाच बदलतात. व्हॉल्व्ह या व्हिडिओ गेम कंपनीने २०१३ मध्ये खेळांसाठीची स्टीमओएस डेबियनवर रचली. २०२२ मध्ये तिचा हातात धरून खेळायचा संगणक स्टीम डेक आला तो मात्र आर्च लिनक्सवर. आर्चमध्ये ठरावीक आवृत्त्या नसतात, नवे बदल सतत येत राहतात, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. आर्चही स्वयंसेवकांचेच, त्यामुळे मोठी कामे फुरसतीअभावी रेंगाळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातल्या दोन कामांना व्हॉल्व्ह पैसा पुरवणार असल्याचे आर्चने जाहीर केले: पॅकेजे बांधणारी यंत्रणा आणि त्यांवरच्या डिजिटल सह्यांची सुरक्षित व्यवस्था. मोठे बदल मात्र आर्चच्या नेहमीच्या चर्चेतून, सहमतीनेच होतील, असेही त्यात नमूद होते.