वर्ध्याची रिळे आणि टेपचे ड्राइव्ह

२०१९च्या सप्टेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने गांधीजींच्या चित्रीकरणाची ३५ मिलिमीटरची ३० रिळे हाती आल्याचे जाहीर केले. पॅरामाउंट, पाथे, वॉर्नर यांसारख्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले, सुमारे सहा तासांचे चित्रण. त्यात वर्ध्याचा आश्रम आहे, कस्तुरबा आहेत. याच संग्रहालयाची नायट्रेटवरची कितीतरी रिळे ८ जानेवारी २००३च्या आगीत गेली होती, त्यामुळे अशा ठेव्याची डिजिटल प्रत हवी हे कुणाला पटवावे लागत नाही.

पण ती ठेवायची कशावर?

हिशेब करून पाहू. ३५ मिलिमीटरची एक चौकट ४के दर्जाने स्कॅन करून जशीच्या तशी ठेवली, तर सुमारे ५० मेगाबाइट जागा खाते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सहा तासांच्या पाच लाखांवर होतात, म्हणजे साधारण २६ टेराबाइट. २०२१मध्ये आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका कार्ट्रिजमध्ये अर्धा इंच रुंदीची, किलोमीटरभर लांबीची, डेटा साठवणारी चुंबकीय टेप असते आणि तीत १८ टेराबाइट मावतात. आश्रमासकट सगळे चित्रण दोन कार्ट्रिजमध्ये बसेल. दुसरी प्रत वेगळ्या गावी ठेवायची तर चार.

कार्ट्रिज स्वस्त, महाग असतो तो टेप वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह. म्हणून टेप लायब्ररीत शेकडो कप्पे आणि मोजकेच ड्राइव्ह असतात. रोबो बारकोड वाचून कार्ट्रिज उचलतो आणि मोकळ्या ड्राइव्हमध्ये सरकवतो. इथवर यंत्राचे काम. खरी डोकेदुखी सर्व्हर सांभाळणाऱ्याची. लिनक्सवर ड्राइव्हना मिळणारे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. मग रोबो टेप बसवतो एका ड्राइव्हमध्ये आणि सर्व्हर वाचायला जातो दुसऱ्यात! त्यामुळे जाणकार क्रमांकावर विसंबत नाहीत, ड्राइव्ह त्याच्या सीरियल नंबरवरूनच ओळखतात.

दुसरी कटकट वेगाची. एलटीओ-९चा मोठा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितो. सर्व्हरकडून माल तेवढ्या झपाट्याने आला नाही, तर ड्राइव्ह आधी वेग उतरवतो. तरीही भागले नाही तर थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धावतो. असे वारंवार झाले की हेड आणि टेप दोन्ही झिजतात. त्यात धूळ. ड्राइव्हने मागणी केली की सफाईचे कार्ट्रिज घालायचे, तेही साधारण ५० वेळाच चालते. टेप दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश तापमान लागते. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्ध्यात अशी खोली करायची तर एसीला सुट्टी नाही.

टेप ३० वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात. ड्राइव्हच्या पिढ्या मात्र इतकी वाट पाहत नाहीत. एलटीओ-९चा ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, त्यामागची नाही. २०२५मध्ये आलेला एलटीओ-१० तर एलटीओ-९सुद्धा वाचत नाही. मग जुने ड्राइव्ह चालू स्थितीत राखायचे, नाहीतर सगळे नव्या टेपवर उतरवायचे. एक भरलेले एलटीओ-९ कार्ट्रिज न थांबता उतरवायला साडेबारा तास लागतात. हजार कार्ट्रिज असतील तर ड्राइव्हच्या एका जोडीला (एक वाचायला, एक लिहायला) रात्रंदिवस सुमारे ५२० दिवस, चार जोड्यांना १३०. आणि तेवढ्या काळात रोजचा बॅकअप कोणत्या ड्राइव्हवर घ्यायचा, हे आधीच ठरवावे लागते.