परवाना सरकारचा, कचेरी मालकाची

अमेरिकेत कमरेला पिस्तूल लावून, त्यावर शर्ट सोडून कामाला जाणारी माणसं आहेत. कंपनीच्या हँडबुकात शस्त्रबंदी लिहिलेली असते, तिच्याखाली त्यांची सहीही असते, तरी ती जातात. त्यांतले बरेचजण स्वतःला कायदा पाळणारेच समजतात आणि ते खोटंही नसतं. ‘कन्सील्ड कॅरी’चं, म्हणजे शस्त्र लपवून बाळगण्याचं परमिट त्यांच्या पाकिटात असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. शस्त्र बाळगलं म्हणून तुरुंगात जावं लागेल का, हा एक प्रश्न. त्यापायी नोकरी जाईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसऱ्याचंही तेच, असं धरून बहुतेकजण चालतात.

गैरसमज : शस्त्राचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, तो मालक काढून घेऊ शकत नाही.

दुसरी घटनादुरुस्ती १७९१ची. ती बांधते सरकारला. सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे तीन गाजलेले निकाल पाहा. २००८च्या हेलर खटल्यात घरात पिस्तूल ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य झाला, २०१०च्या मॅकडोनाल्ड खटल्याने तो राज्यांना आणि शहरांनाही लागू केला, आणि २०२२च्या ब्रुएन खटल्याने घराबाहेर शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर शिक्का मारला. न्यूयॉर्कचा १९१३पासूनचा, परमिटसाठी ‘खास कारण’ मागणारा नियम त्यात रद्द झाला. तिन्ही ठिकाणी समोर सरकार होतं. खासगी कंपनी म्हणजे सरकार नव्हे. तिच्या जागेत काय चालेल हे ती ठरवते.

त्यात तिथली नोकरीची पद्धत. मॉन्टाना सोडलं तर सगळ्या राज्यांत ‘ॲट-विल’ नोकरी हा मूळ नियम. कायद्याने मना केलेलं कारण, उदाहरणार्थ वंश किंवा धर्म, नसेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक कधीही आणि कारण न सांगताही काढू शकतो. शस्त्रबंदी मोडणं हे तर सांगता येण्याजोगं कारण झालं. २०२४पर्यंत २९ राज्यांनी परमिटची अटच काढून टाकली. त्यामुळे गुन्ह्याचा प्रश्न सैल झाला, नोकरीचा तसाच राहिला.

गैरसमज : दारावर पाटी नसेल तर बंदी नाही.

पाट्यांचं प्रकरण राज्यागणिक वेगळं. टेक्ससच्या दंडसंहितेतल्या ३०.०६ या कलमात पाटीवरचा मजकूर ठरवून दिलेला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवा, अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत. इतका काटेकोरपणा आपल्याला गमतीचा वाटेल, पण अशी पाटी ओलांडून लपवलेलं पिस्तूल आत नेणारा परमिटधारक तिथे गुन्हेगार ठरतो. तोच मजकूर कागदावर छापून हातात दिला तरी ती सूचना धरली जाते. उलट अनेक राज्यांत दारावरच्या पाटीला फौजदारी वजन नाही. बाहेर जा म्हटल्यावर गेला नाहीत, तरच अतिक्रमणाचा गुन्हा. हे सगळं ग्राहकाच्या कामाचं. नोकराला पाटीची गरजच नसते. हँडबुकावरची सही त्याला पुरेशी बांधते.

गैरसमज : गाडीत ठेवलं तर कंपनी काही करू शकत नाही.

हा अर्धा खरा आहे, आणि त्यामागची गोष्ट रंजक आहे. २००२च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट गावी, वेयरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्याच्या पार्किंगमध्ये हुंगणारी कुत्री फिरवली गेली. कामगारांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या आणि त्या कामगारांना काढून टाकलं गेलं. त्या भागात शिकारीची बंदूक गाडीत असणं हे शेतावर निघालेल्याच्या गाडीत विळा असण्याइतकं रोजचं. गहजब झाला. २००४मध्ये राज्याने कायदाच केला : बंद गाडीत शस्त्र ठेवायला मालकाने मनाई करायची नाही. मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. २००७मध्ये त्या जिंकल्या, २००९मध्ये अपील न्यायालयात हरल्या. दरम्यान २००८मध्ये फ्लोरिडाने आणि २०११मध्ये टेक्ससने तसाच कायदा केला; आज वीसहून अधिक राज्यांत तो या ना त्या रूपात आहे.

मात्र यातला शब्दन् शब्द मोजून घ्यावा लागतो. गाडी स्वतःची हवी. कंपनीच्या गाडीला हे संरक्षण सहसा नाही. ती कुलूपबंद हवी. शस्त्र गाडीतच राहायला हवं. ते कमरेला लावून इमारतीच्या पायरीवर आलात की संरक्षण संपलं. अपवादही भरपूर, शाळा आणि अणुप्रकल्पांसारखे. फ्लोरिडाच्या कायद्यात स्फोटकांशी संबंध असलेल्या जागांना सूट आहे. डिस्नेने २००८मध्ये त्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे रोजच्या आतषबाजीसाठी स्फोटकांचा केंद्रीय परवाना आहे, म्हणून हा कायदा आपल्याला लागू नाही, असं तिचं म्हणणं. गाडीत पिस्तूल ठेवून आलेल्या तिथल्या एका सुरक्षारक्षकाची नोकरी गेली.

कायद्याला दात असू शकतात, हेही खरं. गाडीतल्या पिस्तुलावरून काढलेला कामगार मालकावर दावा लावू शकतो, असं मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ठरवलं.

गैरसमज : जीव वाचवण्यासाठी वापरलं तर नोकरी जाणार नाही.

या बाबतीत लोकांच्या न्यायबुद्धीची आणि कायद्याची फारकत होते. २०११मध्ये मिशिगनमधल्या वॉलग्रीन्सच्या एका दुकानावर रात्री सशस्त्र दरोडा पडला. तिथल्या औषधविक्रेत्याकडे परमिट होतं, खिशात पिस्तूलही होतं. त्याने गोळ्या झाडल्या, दरोडेखोर पळाले. फौजदारी कारवाई त्याच्यावर झाली नाही. काही दिवसांत कंपनीने मात्र त्याला काढलं. कंपनीवर लावलेला खटला तो हरला, आणि २०१४मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली.

दुसरी बाजूही आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यायालयाने २००१मध्ये आणि युटाच्या न्यायालयाने २०१५मध्ये असं मानलं, की प्राणघातक धोका समोर उभा असताना स्वसंरक्षण केलं एवढ्याच कारणाने नोकराला काढता येणार नाही. युटाने अटही घातली : माघार घेण्याची वाट उरलेली नसावी. पण ही दोन्ही प्रकरणं समोरच्या हातातलं शस्त्र हिसकावून घेणाऱ्या नोकरांची होती. स्वतःचं पिस्तूल रोज लपवून आणण्याला या निकालांनी आशीर्वाद दिलेला नाही.

मला स्वतःला तो औषधविक्रेता कळतो. धोरण लिहिणारा मुख्यालयात बसलेला असतो. रात्री गल्ल्यावर उभा राहणारा दुसराच. कामाच्या जागी होणाऱ्या हत्यांत वैतागलेल्या सहकाऱ्यापेक्षा लुटारूचा हात अधिक दिसत आला आहे, आणि लुटारू हँडबुक वाचत नाही. २०२२मध्ये अमेरिकेत कामाच्या ठिकाणी ५२४ हत्या झाल्या, बहुतेक गोळीबाराने. तरीही कंपन्यांची भीती निव्वळ कागदी नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या हत्यांवरचा २००५चा एक अभ्यास आहे. शस्त्रं चालत असलेल्या कामाच्या जागी हत्या होण्याची शक्यता, शस्त्रबंदी असलेल्या जागांच्या तुलनेत सुमारे पाचपट दिसली. मुळात धोक्याच्या जागीच मालक शस्त्रांना परवानगी देत असतील, ही शंका त्यावर घेता येते आणि घ्यावी. पण ‘प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल म्हणजे सगळे सुरक्षित’ असा निष्कर्ष त्यातून कुणाला काढता येणार नाही.

नोकरी केंद्र सरकारच्या इमारतीत असेल, तर प्रश्न नोकरीपुरता राहत नाही. तिथे शस्त्र नेणं हाच केंद्रीय गुन्हा, एक वर्षापर्यंत कैदेचा.

गैरसमज : मी कायदेशीर व्हिसावर आहे, म्हणजे मलाही तेच नियम.

मराठी घरांशी थेट संबंध येतो तो इथे. एच-वन-बीवर गेलेला पुण्याचा इंजिनिअर, त्याच्यामागून एच-फोरवर गेलेली बायको, एफ-वनवर शिकणारा मुलगा हे सगळे केंद्रीय कायद्याच्या भाषेत ‘नॉन-इमिग्रंट’. अशा व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा आहे, आणि २०२२पासून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. अपवाद थोडे, नेहमी ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. रविवारी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेही कायद्याने ‘बाळगणं’च ठरू शकतं. राज्याने परमिटची अट काढली म्हणून यात काही बदलत नाही; ही बंदी केंद्राची आहे.

ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. पण शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यांनाही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो आणि त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसाबद्दल थेट प्रश्न असतो. खोटं उत्तर हा आणखी एक गुन्हा. तेव्हा व्हिसावर असाल, तर कंपनीचं धोरण नंतर वाचा. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत रेंजवरही जाऊ नका.