बेडूक घरी आणू नका, डबक्यावर जा

जून उजाडला, पहिल्या दोन-चार दमदार सरी पडल्या, की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. यंदाही आला. मुलगी सातवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिला बेडूक पाळायचा आहे. तो मिळेल कुठे, ठेवायचा कशात आणि खायला काय द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात बेडूक शोधावा लागत नाही. सोसायटीच्या मागच्या खड्ड्यात, भातखाचरात, विहिरीच्या कडेला, नळाखालच्या ओलीतही तो असतो. पण तो घरी आणू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर कायदा आड येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत बेडूक आलेले आहेत, आणि त्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणताना त्याची पिल्लं आणि अंडीही धरली आहेत. दुसरं म्हणजे, काचेच्या टाकीत त्याला जगवणं वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो, श्वासाचंही बरंच काम त्याच कातडीवर चालतं. त्यामुळे मुलांच्या हाताला लागलेला साबण, सॅनिटायझर, डास पळवायचं क्रीम, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, सगळं थेट त्याच्या अंगात जातं. खाण्याची तऱ्हा त्याहून अवघड. १९५९ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश टिपले. समोरच्या दृश्याचं जसंच्या तसं चित्र डोळा पुढे पाठवत नाही, निवड करूनच पाठवतो, असं त्यांना आढळलं. काहीतरी लहान, गडद आणि हलणारं दिसलं, तर बेडकाच्या लेखी ते अन्न. भोवती मेलेल्या माशांचा खच पडला, तरी त्यात बसून तो उपाशी मरेल. म्हणजे त्याला रोज जिवंत किडे पुरवायचे, आणि नुकतं शेपूट गळलेलं पिल्लू असेल तर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. आठवड्याभरात घरातली सगळी मोठी माणसं किडे पकडून थकतात.

आणि प्रकल्प संपल्यावर ‘सोडून देऊ कुठेतरी’ म्हणणं तर धोक्याचं. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे जगभरात शेकडो जातींची संख्या घटली आहे. ती पश्चिम घाटातही सापडली आहे. एका डबक्यातला बेडूक किंवा पाणी दुसऱ्या डबक्यात नेणं हा तिला पसरवायचा सोपा मार्ग आहे.

बेडकांनी विज्ञानाला खूप दिलं आहे, आणि त्यासाठी खूप सोसलंही आहे. बारावीला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला बेडूक आणि तो क्लोरोफॉर्मचा वास आमच्या पिढीतले अनेक जण विसरलेले नाहीत. त्या सगळ्या इतिहासात माझा सर्वांत आवडता प्रयोग मात्र बेडकाला विजार घालण्याचा आहे. अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालान्झानी हे पाद्री प्राध्यापक होते. मादीची अंडी फळतात कशी, हा तेव्हा मोठ्या वादाचा विषय होता. त्यांनी मेण चढवलेल्या तलम रेशमी कापडाच्या इवल्याशा विजारी शिवून नरांना चढवल्या. कल्पना त्यांची नव्हती. फ्रान्समध्ये रेओम्यूर आणि नोले यांनी ती आधी करून पाहिली होती, पण त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. विजार घातलेले नर नेहमीच्याच उत्साहाने माद्यांना बिलगले, पण एकाही अंड्यातून पिल्लू आलं नाही. मग स्पालान्झानींनी विजारीत साठलेले थेंब काढून काही अंड्यांना लावले. त्यांतून बेडूकमासे निघाले!

खरी गंमत पुढे आहे. तो द्रव त्यांनी गाळणीच्या कागदातून गाळला. खाली आलेल्या द्रवातली ताकद गेली होती, कागदावर उरलेल्या चोथ्यात ती शाबूत होती. उत्तर हातात होतं, तरीही त्या द्रवात वळवळणाऱ्या जीवांचा फलनाशी काही संबंध नाही, या मतावर ते ठाम राहिले. अंड्यात पिल्लू आधीच तयार असतं, यावर त्यांचा विश्वास होता. पुढे १८२४ साली प्रेव्हो आणि द्युमा यांनी गाळण्याचा तोच प्रयोग पुन्हा केला आणि शुक्रजंतूंना त्यांचं श्रेय दिलं. प्रयोगवहीत आकडे बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, असं शाळेतल्या मुलांचंही होतं. अशा मुलांना हा किस्सा जरूर सांगावा.

बेडकांच्या फलनाची गोष्ट तिथेच संपली असं वाटलं असेल, तर साताऱ्याकडे या. जिल्ह्यातल्या हुंबर्ली गावाजवळ संशोधकांच्या एका गटाने २०१० ते २०१२ या काळात पावसाळ्यातल्या ४० रात्री ओढ्याकाठी बसून काढल्या. दिल्लीचे एस. डी. बिजू, महाराष्ट्रातले वरद गिरी आणि त्यांचे सहकारी. बेडूक होता बॉम्बे नाइट फ्रॉग. नर-मादीची जवळीक होण्याच्या सहा पद्धती तोवर जगाला माहीत होत्या, इथे सातवी सापडली. ओढ्यावर झुकलेल्या पानावर मादी बसते. नर तिला मिठी मारत नाही, हात पानावर टेकून तो तिच्या पाठीवर नुसता ओणवा होतो, शुक्रजंतू सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते, आणि तिच्या पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत आलेले शुक्रजंतू ती फळवतात. या जातीत मादीही आवाज देते, हेही तेव्हाच नोंदलं गेलं. २०१६ साली हे संशोधन छापून आलं. हा बेडूक कुणी टाकीत आणून ठेवला असता, तर यातलं किती दिसलं असतं?

या बेडकाचं शास्त्रीय नाव आहे निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. भादुरी आणि कृपलानी यांनी १९५५मध्ये ते हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ ठेवलं. मुंबईचा निसर्ग म्हटलं की सलीम अलींचं नाव लगेच ओठांवर येतं, अब्दुलअलींचं येत नाही. मला ते फार खटकतं. पक्ष्यांवर त्यांचं काम मोठं आहेच, १९५१च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यामागेही ते होते. पण बेडकांवर त्यांचे उपकार आणखी मोठे. त्या काळी भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांचे पाय युरोप-अमेरिकेत जात. जेवढे बेडूक शेतातून उचलले जात, तेवढे किडे शेतात मोकाट राहत. १९८५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये अब्दुलअलींनी या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. १९८७मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. आज आपल्या खाचरांत पिवळाधमक नर बेडूक निळ्या स्वरपिशव्या फुगवून ओरडताना दिसतो, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

तर प्रकल्प असा करा. घराजवळचं एक डबकं निवडा आणि मुलीसोबत रोज तिथे जा. संध्याकाळी टॉर्च, पायांत गमबूट आणि सोबत मोठं माणूस हवंच, कारण बेडकांमागे सापही येतात. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पाऊस आणि पाण्याचं तापमान लिहा. अंडी नीट पाहा. लांबलचक चिकट दोरीत ओवलेले काळे ठिपके दिसले तर ती भेकाची. टाकीच्या भिंतीवर पांढुरका फेस चिकटलेला असेल तर तो झाडबेडकाचा. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. तळाशी काळ्या बेडूकमाशांचा घोळका फिरत असेल तर ते भेकाचे. पाण्याच्या मधल्या थरात जवळपास आरपार दिसणारे, जागच्या जागी तरंगणारे असतील तर ते मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचे. भिंग धरलंत तर आतली आतडीसुद्धा दिसतील. मागचे पाय आधी फुटतात. पुढचे कातडीखाली तयार होऊन मग एकदम बाहेर येतात. शेपूट आटत असताना पिल्लू काही खात नाही, तोंडाची आणि आतड्याची रचनाच तेव्हा बदलत असते. ओळख पटली नाही तर फोटो आय-नॅचरलिस्टवर टाका, जाणकार मदत करतात.

आणि डबक्याची लांबी-रुंदी रोज टेपने मोजा. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली, तर पाणी आधी आटतं की शेपूट, हा या प्रकल्पातला कळीचा प्रश्न आहे. पाणी आधी आटलं आणि बेडूकमासे मेले, तर बाहेरून पाणी आणून ओतू नका. तारीख घालून तेही वहीत लिहा. शिक्षकांनी त्या नोंदीला पूर्ण गुण द्यावेत.