मुंबईची संग्रहालये : दुय्यम ठरवलेल्या वस्तूंचं घर

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल एक समज चांगलाच रुजला आहे : इमारत देखणी, पण आत पाहण्यासारखं फारसं काही नाही. तुलनेला फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घेतलं जातं. तिथे अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेली चित्रं आहेत, मीरपूरखासची शिल्पं आहेत, टाटा बंधूंनी दिलेले संग्रह आहेत. त्या मानाने भायखळ्याला काय, तर मातीच्या मूर्ती, होड्यांच्या छोट्या प्रतिकृती, बिदरी भांडी, मातीची रंगीत पात्रं आणि जुने नकाशे. एका जागी अभिजात कला आणि दुसऱ्या जागी किरकोळ कारागिरी, अशी वाटणी आपण करून टाकतो. ही वाटणी मला मुळातच चुकीची वाटते. ती करण्याचं माप आपलं नाही, आणि ते कुठून आलं याचा माग याच संग्रहालयाच्या इतिहासात लागतो.

मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला भव्य औद्योगिक प्रदर्शनं भरली. तिकडे धाडण्यासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा होऊ लागले, तेव्हा असा एक संच इथेही कायम असावा अशी कल्पना पुढे आली. फोर्टातल्या एका बराकीत संग्रह मांडला गेला; पण १८५७ चा उठाव झाला, बराक फौजेला हवी झाली आणि वस्तू अक्षरशः बाहेर काढण्यात आल्या. त्यातून वाचल्या तेवढ्या जॉर्ज बर्डवूड या डॉक्टरने सांभाळल्या. पुढे स्वतंत्र इमारतीसाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून, जमशेटजी जीजीभॉय घराणं अशा मंडळींनी पुढाकार घेतला आणि वर्गणी उभी राहिली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत नुसता वाहत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या. खुद्द भाऊ दाजींनाही त्याची झळ बसली. नाना शंकरशेट त्याच वर्षी गेले. काम रखडलं, सरकारला हात घालावा लागला आणि १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. नाव अर्थातच व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं. भाऊ दाजींचं नाव मिळायला १९७५ साल उजाडलं.

आता मापाचा प्रश्न. बर्डवूडचं भारतीय कारागिरीवर मनापासून प्रेम होतं. १८८० मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या औद्योगिक कलांवर मोठा ग्रंथ लिहिला. यंत्राच्या मालापुढे इथला विणकर, कुंभार, तांबट टिकावा ही त्याची तळमळ खरी होती. मात्र हाच माणूस १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत म्हणाला की भारतात ललित कला म्हणावी असं काही नाही, आणि ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना त्याने चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. त्यावर विलायतेत गदारोळ झाला, कलावंतांनी निषेध केला. भारतीय मूर्तिकलेच्या बाजूने पुढे पुष्कळ लिहिलं गेलं आणि तो वाद आपण जिंकला. पण जिंकताना आपण काय केलं? मूर्ती आणि लघुचित्रं उचलून ‘कला’ या वरच्या पायरीवर नेली आणि भांडी, विणकाम, लाकूडकाम मागे तसंच खालच्या पायरीवर राहू दिलं. बर्डवूडचा निवाडा फिरवला, त्याची उतरंड मात्र शाबूत ठेवली. भायखळ्याचं संग्रहालय आपल्याला कमी वाटतं ते या उतरंडीमुळे.

ही उतरंड किती पोकळ आहे हे पाहायचं तर बिदरी कामाकडे नीट बघावं. जस्तात थोडं तांबं मिसळून आधी भांडं ओततात. ते घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, म्हणजे कोरलेली रेघ उजळ दिसते. त्या रेघेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग पुन्हा घासतात. या टप्प्यावर चांदी आणि जस्त जवळपास एकाच रंगाचे दिसतात आणि सगळी नक्षी हरवल्यासारखी होते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदीला काहीच होत नाही. दिसेनाशी झालेली वेलबुट्टी कशी उमटणार हे आधीपासून डोळ्यांपुढे असल्याशिवाय हे काम होत नाही. चित्रकाराच्या कल्पनाशक्तीपेक्षा ही कोणत्या अर्थाने कमी म्हणायची? बिदरच्या टापूत, आपल्या अंगणातच, ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली. तिला दालनाच्या कोपऱ्यातली शोभेची वस्तू समजणं हा करंटेपणा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हा संग्रह सौंदर्यासाठी नव्हे, व्यापारासाठी जमवला गेला; कोणता माल कुठे मिळतो आणि कोण बनवतं याची साम्राज्याने मांडलेली ती यादी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जे. जे. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स इथले क्यूरेटर असताना, मातीच्या मूर्तींवर भर दिला गेला. त्यांत माणसं जाती, धंदे आणि पागोट्यांप्रमाणे नमुने म्हणून मांडली गेली. हे सगळं खरं आहे आणि झाकू नये. परंतु वस्तू ज्या हेतूने गोळा होते त्या हेतूपुरतीच ती उरत नाही. त्या मूर्ती घडवणाऱ्याने पगडीची प्रत्येक घडी, धोतराचा काचा, बसण्याची ढब डोळ्यांत तेल घालून पाहिली आहे. वरिष्ठांना हवा होता नमुना. त्याच्या हातून आली ती माणसं. शिवाय पोशाख, अवजारं, होड्यांचे आकार यांचा इतका बारकाईने केलेला पुरावा मुंबईच्या इतिहासकाराला दुसरीकडे सहज मिळत नाही. कोळ्याच्या होडीची बांधणी कशी होती हे दरबारी लघुचित्र सांगणार नाही.

दुसरा आक्षेप इमारतीबद्दलचा. बाहेरून इटालियन वास्तुकार पॅलेडिओच्या धाटणीची संयत वास्तू, आत बिडाचे खांब, सोनेरी मुलामा, मिंटनच्या फरश्या, दालनाभोवती फिरणारा सज्जा आणि मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. २००३ मध्ये महापालिका, वारसा-जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली हे सारं पूर्ववत करण्यात आलं. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. परकीय राजवटीचा थाट झळाळून काढायला एवढे कष्ट कशाला, असं विचारलं जातं. आराखडा आणि बिडाचे खांब परके, हे कबूल. पण वर्गणी मुंबईकरांची होती, आणि दीडशे वर्षांपूर्वीचं ते लाकूडकाम आणि नक्षी पुन्हा उभी करायला आजचे कारागीर लागले. जीर्णोद्धाराने वस्तूंइतकंच या कसबालाही काम दिलं. नंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कलाट, अतुल दोडिया या समकालीन कलावंतांनी याच जुन्या कपाटांच्या सोबतीने आपल्या कलाकृती मांडल्या, तेव्हा कला आणि कारागिरी यांच्यातली भिंत त्या दालनात तरी पातळ झाली.

एक उणीव राहते, आणि ती भरून काढणं अजून शक्य आहे. व्हिक्टोरियन काळात जे. जे.च्या आवारात जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली बनलेल्या, अजिंठ्याच्या नक्षीने सजलेल्या पात्रांना टेरीचं नाव चिकटलं. चाकावर बसणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. नाव सापडत नसेल तिथे निदान पाटीवर कृती लिहावी : माती कुठली, झिलई कशाची, भट्टी कशी लावली. अशी एक पाटी वाचणारा माणूस त्या पात्रापुढे अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटं उभा राहील, आणि कशासाठी उभा आहे हे त्याला ठाऊक असेल.