लॉनच्या जागी मारवेल आणि तरवड

छत्रपती संभाजीनगरला पिण्याचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, पन्नासेक किलोमीटर लांबून आणि पंपाने चढवून. अशा शहरात कॉलेजच्या आवारात उन्हाळाभर लॉन हिरवं ठेवायचं, तर हिशेब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तरी हजार चौरस मीटरला रोज 5,000 लिटर लागतात! एवढं करून लॉन सतत कापलेलं. त्याला ना फूल येतं ना बी, मग मुनियांनी खायचं काय?

इथल्या उथळ, मुरमाड जमिनीला मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं मानवतात. पाऊस संपला की ती वाळतात, पण मुळं जिवंत राहतात. मधूनमधून तरवड लावावा. त्याच्या पिवळ्या फुलांचा पराग भुंगे अंग थरथरवत झाडून घेतात. कुंपणालगत एखादी रुई राहू द्यावी, कारण बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी तिच्या पानांवर पोसते. माळी तीच आधी उपटतो, हे वेगळं सांगायला नको.

बदल एकदम नको. उन्हाळ्यात एका तुकड्यातलं लॉन काढावं, पहिल्या पावसानंतर बी पेरावं आणि बी झडल्यावरच कापणी करावी. वाळलं गवत पेटतं, म्हणून इमारतींजवळचा पट्टा मोकळा ठेवावा. बसायला, खेळायला थोडं लॉन राहिलं तरी बिघडत नाही.